कलरॉसचं टाऊन हाऊस कसं बघायचं

आधी नाव नीट, लिहितात कलरॉस पण म्हणतात कुरॉस. स्कॉटलंडच्या फाइफमधलं हे छोटं गाव. तर टाऊन हाऊससमोर, म्हणजे गावच्या कौन्सिलच्या जुन्या कचेरीसमोर, गेलात की लगेच आत घुसू नका, दहा पावलं मागे या. आजूबाजूच्या घरांना पांढऱ्या भिंती, लाल कौलं आणि ह्याला मात्र उघडा दगड नि वर स्लेट, म्हणजे बघणाऱ्याला लांबूनच कळावं की इथे सरकार बसायचं!

मूळ इमारत 1626 ची, मधला घड्याळाचा टॉवर मात्र 1783 चा, त्यामुळे अख्खं एकाच काळातलं समजून फोटो काढून मोकळे होऊ नका. मग बाहेरचा दगडी जिना बघा, दोन्ही बाजूंनी चढून वर एकत्र येतो, मला तरी सगळ्यात जास्त तोच आवडतो.

आता मजले खालून वर वाचायचे. तळाला कर्ज बुडवणाऱ्यांचा तुरुंग, त्याच्यावर कौन्सिलची खोली, आणि माळ्यावर चेटकीण असल्याच्या संशयावरून पकडलेल्या बायकांना डांबायचे, म्हणजे मधे बसून कारभार करणाऱ्यांच्या डोक्यावरही कैदी आणि पायाखालीही कैदीच.