‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ हप्त्याहप्त्याने कशी वाचावी

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी गोव्यातील पुष्कळ मराठी वाचकांना नावाने तरी ठाऊक असते. कोणी ती शाळेत संक्षिप्त आवृत्तीतून वाचलेली असते, तर कोणी मूळ पुस्तक मोठ्या उमेदीने हाती घेऊन चौथ्या-पाचव्या प्रकरणाशी खूण घालून ठेवून दिलेले असते. मराठी माध्यमातून प्राथमिक शिक्षण घेतलेले आपण अशा वेळी आपल्या इंग्रजीला दोष देतो. परंतु बहुतेकदा वाचण्याचा वेग चुकलेला असतो. ही कादंबरी सलग वाचण्यासाठी लिहिली गेलीच नव्हती. डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात दुसऱ्या एका लेखकाची क्रमशः कादंबरी रेंगाळली, खप उतरू लागला आणि तो सावरण्यासाठी मासिक हप्त्यांकरिता योजलेली ही गोष्ट डिकन्सने साप्ताहिकात आणली. १ डिसेंबर १८६० ते ३ ऑगस्ट १८६१ या काळात ३६ हप्त्यांत तिची ५९ प्रकरणे प्रसिद्ध झाली. आपणही आठवड्याला एक किंवा दोन प्रकरणे हाच वेग धरावा. जूनमध्ये पावसाबरोबर सुरुवात केल्यास तीन भागांपैकी पहिला, म्हणजे १९ प्रकरणांचा भाग, चवथीच्या सुमारास हातावेगळा होतो.

प्रत संपूर्ण असावी, एवढीच अट. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात किंवा आपल्या गावच्या वाचनालयात चौकशी करावी. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर मूळ मजकूर विनामूल्य मिळतो. अभ्यासकांची प्रस्तावना असल्यास ती शेवटी वाचावी, कारण अशा प्रस्तावना कथानायक पिपला पैसे कोण पुरवतो हे दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच सांगून टाकतात. तो उलगडा ३९व्या प्रकरणात, वादळी रात्री होतो, आणि त्याविषयी येथेही मुद्दाम काही लिहीत नाही.

पहिल्या तीन प्रकरणांत कथेपेक्षा जागेकडे लक्ष द्यावे. केंट परगण्यात थेम्स नदीच्या मुखाजवळचा हा सखल, दलदलीचा मुलूख चोडण-दिवाडीच्या खाजनांत बांधावरून चाललेल्या माणसाला परका वाटणार नाही. पाणी, चिखल, बांध आणि मधूनमधून दारे, फक्त थंडी आणि धुके तेवढे अधिक. तिसऱ्या प्रकरणात सात वर्षांचा पिप पळालेल्या एका कैद्यासाठी घरातून चोरलेले खाणे आणि कानस घेऊन पहाटे या धुक्यातून पळत सुटतो. बांध आणि दारे अंगावर धावून आल्यासारखी त्याला वाटतात, आणि गळ्याशी पांढरा पट्टा असलेला एक काळा बैल पाद्र्याच्या चेहऱ्याने त्याच्याकडे असा रोखून पाहतो की, तो पोर रडत रडत बैलालाच खुलासा देऊ लागतो. हा उतारा मोठ्याने वाचावा. डिकन्सचा विनोद आणि त्याखालची भीती दोन्ही कानांनी लवकर कळतात. पिपला वाढवणारा त्याच्या बहिणीचा नवरा, लोहार ज्यो गार्जरी, याच्या बोलीचे वाकडेतिकडे स्पेलिंगही डोळ्यांना अडते, पण उच्चारले की सुटते.

येथे थोडी पार्श्वभूमी लागेल. कथेचा काळ प्रकाशनाच्या सुमारे अर्धशतक आधीचा आहे. त्या काळी इंग्लंडमधील कैद्यांना नदीत नांगरलेल्या जुन्या जहाजांवर कोंडत आणि तेथून अनेकांना ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सला धाडत. जन्मठेपेचा कैदी परवानगीवाचून परतला, तर त्याला फाशी होऊ शकत असे. एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

खरे काम आठव्या प्रकरणापासून सुरू होते. मिस हॅविशॅम या श्रीमंत, एकलकोंड्या बाईच्या बंद वाड्यात सगळी घड्याळे नऊला वीस मिनिटे कमी असताना थांबलेली आहेत आणि तेथे पत्ते खेळताना तिने वाढवलेली मुलगी एस्टेला पिपच्या खरखरीत हातांना व जाड बुटांना हसते. तोवर पिपला आपल्या हातांची कधी लाज वाटलेली नसते. वही जवळ ठेवावी आणि येथून पुढे पिपला कशाची लाज वाटते, त्याच्या नोंदी करत जावे: बुटांची, घराची, शेवटी ज्योची. ही गोष्ट प्रौढ पिप सांगत असल्यामुळे एकाच वाक्यात अनेकदा दोन माणसे बोलतात, एक लाजणारा मुलगा आणि दुसरा त्या लाजेचीच लाज वाटणारा गृहस्थ. दुसऱ्याचा आवाज ऐकू आला की, त्या ओळीचा पृष्ठांक वेगळ्या रकान्यात लिहावा. माझ्या मते या पुस्तकाचे आयुष्य त्या रकान्यात आहे. एस्टेलावरचे प्रेम त्यापुढे दुय्यम वाटते.

या दृष्टीने २७व्या प्रकरणासाठी एक पूर्ण आठवडा राखून ठेवावा. सभ्य गृहस्थ होण्यासाठी लंडनला गेलेल्या पिपला भेटायला ज्यो तेथे येतो. पैसे देऊन त्याला येण्यापासून रोखता आले असते, तर आपण पैसे मोजले असते, असे पिप सरळ कबूल करतो. ज्यो आपली टोपी दिवाणखान्यातील शेकोटीवरच्या फळीच्या अगदी टोकाला ठेवतो. ती पुन्हा पुन्हा पडते, आणि तो ती झेलत, सावरत, ज्याला खांद्यावर खेळवले त्या पिपला ‘सर’ म्हणत राहतो. निरोप घेताना मात्र या कपड्यांत मी चुकीचा दिसतो, भट्टीपाशी ये म्हणजे दिसणार नाही, असे तो शांतपणे सांगतो. वाडीवरून पणजीला किंवा मुंबईला शिकायला गेलेल्या आणि सोबत्यांसमोर वडिलांच्या बोलण्याने अवघडलेल्या आपल्याकडील कोणालाही हे प्रकरण समजावून द्यावे लागत नाही.

ही लाज डिकन्सने दुरून पाहिलेली नव्हती. १८२४ मध्ये कर्जापायी वडील मार्शलसी तुरुंगात असताना १२ वर्षांचा चार्ल्स बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात पॉलिशच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. वाचकांना हे त्याच्या निधनानंतर, मित्र जॉन फॉर्स्टर याने लिहिलेल्या चरित्रातून कळले.

डेव्हिड लीन यांचा १९४६ चा चित्रपट उत्तम आहे, पण तो पुस्तक संपल्यावर पाहावा.

शेवटाशी पोहोचल्यावर घाई करू नये, कारण या कादंबरीला दोन शेवट आहेत. मूळ शेवट एडवर्ड बुल्वर-लिटन या कादंबरीकार मित्राच्या सांगण्यावरून डिकन्सने बदलला; जुना पुढे फॉर्स्टरच्या चरित्रात छापला गेला आणि आता अनेक आवृत्त्यांच्या परिशिष्टात असतो. आधी छापील शेवट वाचावा, आठवडाभर थांबावे, मग दुसरा वाचावा. चार-पाच जण मिळून वाचत असल्यास येथे वाद होईल, आणि तो होऊ द्यावा. माझा कौल जुन्या शेवटाला आहे. इतकी वर्षे ज्योशी असे वागलेल्या पिपच्या पदरात लेखकाने अखेरीस आशेचा एवढा प्रकाश टाकावा, हे मला पटत नाही.