पट्टकादंब बघायला जाताय? या चुका टाळा

फेब्रुवारी सरत आला की धरणांवरचे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिवाळ्यात आपल्याकडे येणारे रानहंस, परतीच्या तयारीला लागतात. लडाख, तिबेट, मंगोलिया गाठायचं तर हिमालय ओलांडावा लागतो. त्यासाठी या दिवसांत ते भरपूर चरून अंगात चरबी साठवतात. नेमका आत्ताच आपला उतावीळपणा त्यांना महागात पडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे थव्याच्या रोखाने सरळ चालत जाणं. चरणाऱ्या थव्यात दोन-चार पक्षी मान उंचावून पहाऱ्यावर असतातच. पण एकापाठोपाठ माना ताठ व्हायला लागल्या, चरणं थांबलं, की आपण फार जवळ आलोय हे ओळखा. तिथेच खाली बसा, नाहीतर सावकाश मागे या. माना पुन्हा गवतात गेल्या की मग दुर्बीण डोळ्यांना लावा. उडतानाच्या फोटोसाठी टाळ्या वाजवणं, खडा मारणं, ड्रोन सोडणं हे अक्षम्यच आहे. दोन-तीन किलोच्या पक्ष्याला जमिनीवरून उठायला बरीच ताकद लागते, आणि ती त्याने प्रवासासाठी राखलेली असते.

‘गेलो, पण दिसलेच नाहीत’ असं झालं तर आधी वेळ तपासा. हे पक्षी बरेचदा रात्री आणि पहाटे शेतात चरतात, दुपारी पाण्यातल्या बेटावर नाहीतर उघड्या काठावर विसावतात. उजाडताना पाण्याकडे परतणारे थवे बघणं सर्वांत उत्तम; आधी आवाज येतो, मग रांग दिसते. दुसरं म्हणजे जागा. जायकवाडी, उजनीसारख्या जलाशयांचं पाणी ओसरतं तसा काठ सरकतो. डिसेंबरातली जागा आता कोरडी असेल. ओल्या काठावरचं कोवळं गवत आणि गाळपेरीतला (पाणी ओसरलेल्या गाळात पेरलेला) गहू-हरभरा शोधा. पिकात मात्र पाऊल नको, बांधावरूनच बघा. काल थवा कुठे उतरला होता, ते तिथल्या शेतकऱ्यालाच विचारा.

आकाशात बाणासारखी रांग दिसली म्हणून लगेच पट्टकादंब लिहू नका. करकोचेही तसेच उडतात, पण त्यांचे लांब पाय शेपटीमागे निघालेले दिसतात. कलहंस या दुसऱ्या रानहंसाची चोच गुलाबी असते. पट्टकादंबाची पिवळी-नारिंगी, टोकाला काळी. डोक्यावर दोन काळे पट्टे नसलेला पक्षी थव्यात दिसला तर ते बहुधा गेल्या वर्षी जन्मलेलं पिल्लू असतं.

एखाद्याच्या मानेत अक्षर-आकड्यांची रंगीत पट्टी दिसेल. मंगोलियात अशा पट्ट्या घातल्या गेल्या आहेत. रंग, कोड, तारीख, ठिकाण टिपून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा. कोड अर्धाच वाचता आला तर अर्धाच लिहा, अंदाजाने पुरा करू नका.