पाण्याची बाटली आणि वीस तारीख

बारावीचा निकाल लागला की मला फोन यायला लागतात. "ताई, पोरीला सिकल आहे, एसएस पॅटर्न. कोणती लाईन द्यावी?" सिकल म्हणजे सिकलसेल, आईबापांकडून येणारा लाल रक्तपेशींचा आजार, आणि एसएस म्हणजे तो पूर्ण असलेला, माझ्यासारखा. विचारणाऱ्या आईचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. बसून करायचं काहीतरी हलकं काम. मलाही सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. म्हणून बी.कॉम. केलं, आणि आता नऊ वर्षं झाली, नागपुरातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न्स भरते. काम बसूनच आहे. हलकं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वीस तारखेला येऊन बघावं.

"बसून काम" हा सल्ला मला आता पटत नाही. एसीच्या झोताखाली चार तास न उठता बसणं आपल्या अंगाला चांगलंच महागात पडतं. निरोगी माणसाची लाल पेशी साधारण १२० दिवस टिकते, आपली दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून आपण कायम फिकट. आणि अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला किंवा दमछाक झाली की त्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि दुखणं निघतं. मग काम बसून होतं की उभं राहून, हे शरीर विचारत नाही.

मी नवख्यांना वेगळंच विचारायला सांगते. तिथे हवं तेव्हा पाणी पिता येतं का? आणि लघवीला जाता येतं का?

हसू नका. सिकलमध्ये मूत्रपिंडाची लघवी घट्ट करायची ताकद कमी होते. म्हणजे आपण पाणी जास्त प्यायचं, आणि ते अंगात टिकणारही कमी. दिवसाला दहा-बारा वेळा उठावं लागतं. माझी पहिली नोकरी इतवारीतल्या एका ठोक दुकानात होती, हिशेब लिहायची. दुकानात बायकांसाठी संडास नव्हता. शेजारच्या घरी जावं लागायचं, तिथली आजी दर वेळी "आली का गं पुन्हा" म्हणायची, प्रेमानेच म्हणायची. पण लाज वाटून मी पाणी कमी केलं. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी अर्धी भरलेली घरी यायची. तिसऱ्या महिन्यात, नवतपा, म्हणजे मे-अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असताना, दोन्ही मांड्यांत असं दुखणं निघालं की भावाने उचलून ऑटोत टाकलं. पाच दिवस भरती, सलाईन, एक पिशवी रक्त. दुकानदाराने पगार कापला नाही, उलट डबा पाठवला. माणूस वाईट नव्हताच. मीच त्याला काही सांगितलं नव्हतं, तर त्याला कळणार कसं?

आता मुलाखतीला जाते तेव्हा मी सरळ विचारते, "वॉशरूम कुठे आहे?" आणि जाऊन बघून येते. कोणालाच त्यात वावगं वाटत नाही.

कॉलेजबद्दल सांगायचं तर माझ्या वेळच्या आणि आताच्या परिस्थितीत फार फरक आहे. मी २०१४ साली पदवीधर झाले. तेव्हा दिव्यांगांचा जुना, १९९५ चा कायदा होता आणि त्यात सिकलचं नावही नव्हतं. उन्हाळी परीक्षेला एका केंद्रावर पर्यवेक्षकाने माझी बाटली बाहेर ठेवायला लावली. मी आजाराचं सांगितलं तर म्हणाले, "सगळ्यांनाच तहान लागते, बापा." शेवटी त्यांनी बाटलीवरचं लेबल सोलून काढलं, झाकण उघडून आत डोकावले, वास घेतला आणि मग बाटली बाकाखाली ठेवू दिली. कॉस्टिंगच्या पेपरातली पंचवीस मिनिटं त्यात गेली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सातऐवजी २१ प्रकार आले आणि सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे तीन रक्ताचे आजार त्यात बसले. तेव्हा कॉलेजला जाणाऱ्यांनी आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढावं. अर्ज ऑनलाइन होतो, पण तपासणीला सरकारी दवाखान्यात जावंच लागतं. तिथे तुमचं तोंड बघून टक्के देत नाहीत, कागद बघतात. वर्षात किती वेळा भरती झालात, किती रक्त चढलं, कोणत्या अवयवाला इजा झाली. माझी आई प्रत्येक डिस्चार्ज कार्ड साड्यांच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. तिला कायदा ठाऊक नव्हता, फक्त कागद फेकायचा नाही एवढं ठाऊक होतं. त्या पिशवीने माझं काम केलं. तरी मला तीन चकरा पडल्या. एकदा डॉक्टर रजेवर, एकदा फोटो चुकीच्या मापाचा. तिसऱ्यांदा खिडकीवरचा माणूस म्हणाला, "तुम्ही तर चांगल्या दिसून राहिल्या, मॅडम." हे वाक्य तुम्हालाही जन्मभर ऐकावं लागेल. उत्तर शोधण्यात वेळ घालवू नका, पिशवी पुढे करा.

इथेच बहुतेकांची फसगत होते, म्हणून नीट सांगते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात, वयातही पाच वर्षांची सूट असते. त्यात सिकल धरलं जातं. परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा वेळ मागता येतो. पण सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण वेगळं आहे. त्यात दृष्टी, श्रवण, अस्थिव्यंग आणि मानसिक-बौद्धिक प्रकार आहेत. रक्ताचे आजार नाहीत. कार्ड आहे म्हणून नोकरीतली जागाही मिळेल, या भरवशावर स्पर्धा परीक्षेची तीन-तीन वर्षं घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. माझ्या ओळखीतल्या एकाचा खुबा सिकलमुळे झिजला, रक्तपुरवठा बंद होऊन हाड गेलं. त्याचं मूल्यमापन अस्थिव्यंगात झालं, त्याला तो कोटा मिळाला. म्हणजे खुबा जाईपर्यंत थांबा, असंच जणू कायदा सांगतो! मला हे अजूनही पटलेलं नाही. पण जाहिरात वाचताना कोणता प्रवर्ग लिहिला आहे ते बोटाने वाचा.

हजेरीचं एकच. आजाराचा कागद कॉलेजला जुलैत द्या. मार्चमध्ये हजेरी कमी पडल्यावर दिलेलं प्रमाणपत्र सबब वाटते. तेच जुलैत दिलं तर माहिती ठरते.

आता नोकरी. सांगायचं की लपवायचं? मी दोन्ही करून पाहिलं. लपवलं तेव्हा काय झालं ते इतवारीच्या गोष्टीत आलंच. सध्याच्या ऑफिसात मी नियुक्तीचं पत्र हातात पडल्यावर, पहिल्याच आठवड्यात एक पानभर लिहून दिलं. त्यात रडगाणं नव्हतं. मला काय आहे, वर्षातून दोन-तीनदा काही दिवस अचानक गैरहजर राहू शकते, एसीखाली जागा नको, आणि दुखणं निघालं तर कोणाला फोन करायचा. साहेबांनी वाचलं, घडी घालून खणात ठेवलं, म्हणाले, "बरं." मला वाटलं, विसरणार.

आमच्या कामात महिन्याच्या दोन तारखा असतात. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, आणि २० ला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. दुसऱ्याच वर्षी, डिसेंबरात, २० तारखेला दुपारी गुडघ्यापासून सुरुवात झाली. मला ती सुरुवात ओळखता येते, दाढ दुखायला लागते तशी, आधी नुसती जाणीव. सात पक्षकारांची रिटर्न्स बाकी होती आणि फायली फक्त माझ्या डोक्यात. मी पायावर शाल टाकून, दात आवळून साडेनऊपर्यंत बसले, सात भरली आणि मग आठ दिवस भरती झाले. सगळ्यांनी कौतुक केलं. डॉक्टरांनी मात्र झापलं, आणि त्यांचंच बरोबर होतं.

त्यानंतर पद्धत बदलली. माझी वीस तारीख आता सतराला येते. कोणाचं काय भरलं, कोणाकडून कोणती बिलं यायची, हे रोज संध्याकाळी एका शीटमध्ये लिहिते आणि ती शीट शेजारच्या सहकाऱ्याला उघडता येते. तो माझं उचलतो. बदल्यात महिनाअखेरीस त्याचं बँकेच्या नोंदी जुळवायचं काम मी करते, जे त्याला आवडत नाही. हिशेब चुकता. उपकाराच्या भाषेत कोणी बोलत नाही, आणि म्हणूनच हे सात वर्षं टिकलं आहे. साहेबांचं म्हणाल तर ते पत्र अजून खणात आहे. गेल्या वर्षी ऑफिस बदललं तेव्हा त्यांनीच मिस्त्रीला विचारलं, एसीचा झोत कोणत्या टेबलावर येतो म्हणून.

नागपूरचं हवामान हे तर स्वतंत्र प्रकरण. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि आत कूलरचा गारठा, दोन्ही बाजूंनी मार. थेट कूलरसमोर झोपू नका. दुचाकीवर तोंड-डोकं दुपट्ट्याने बांधलं तर इथे कोणी वळूनही बघत नाही, सगळ्या तशाच असतात. मेट्रोत शाल ठेवा. पहिल्या पावसात भिजायची हौस मी सोडून दिली, तेवढी एक हळहळ आहे.

औषधांबद्दल डॉक्टर सांगतीलच. हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे सिकलची नेहमीची गोळी, चालू असेल तर रक्ततपासणी टाळू नका, आणि लग्नानंतर मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. "रक्त कमी आहे" म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नका. वारंवार रक्त चढलेल्यांच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखलं, धाप लागली किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, तर वीस तारीख असो की तीस, उठायचं आणि दवाखाना गाठायचा. मेडिकल कॉलेज, मेयो, डागा, मिहानचं एम्स, जो दवाखाना जवळ असेल तो. गावाकडून येणाऱ्यांनी एसटीतल्या सवलतीची चौकशी जरूर करावी.

आपल्या विदर्भात आता हा आजार लपवायचा राहिलेला नाही. नागपूरच्या संपत रामटेकेंना २०१८ साली पद्मश्री मिळाली ती सिकलसेलच्या कामासाठीच. तरी स्थळ बघताना लोक अजून कुजबुजतात. कुजबुजण्यापेक्षा मुलाची तपासणी करून घ्या म्हणावं. दोघंही एएस, म्हणजे नुसते वाहक, असतील तर दर गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता २५ टक्के असते.

मागच्या महिन्यात उमरेडकडच्या एका मुलीचा फोन आला. सीताबर्डीवर एका ऑफिसात नोकरी लागली होती, डेटा भरायची.

"बाथरूम पाहिलं का?"

"नाही विचारलं, ताई. लाज वाटली."

"उद्या जाऊन बघून ये. मग सांग मला पगार."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा निरोप आला. दुसऱ्या माळ्यावर आहे, स्वच्छ आहे, पाणी आहे, पण आतली कडी तुटली आहे. संध्याकाळी आणखी एक आला. नुसता फोटो. नवी कोरी कडी, चार स्क्रूंपैकी तीनच लागलेले.