बैलाचं सोंग घेण्यापूर्वी

ऊसतोडीवर परफॉर्मन्स करायचा म्हटलं की नवख्या कलाकाराला आधी बैल सुचतो. सुचण्यात काही चूक नाही. पहिले प्रयोग फसतात ते नकलेमुळे. रांगणं, शेपूट हलवणं, हंबरणं सुरू झालं की पाच मिनिटांत प्रेक्षक हसायला लागतो. समोर बीडकडचा एखादा तोडणी कामगार बसला असेल, तर आपल्याला जनावर म्हणतायत असंच त्याला वाटतं. गाडी सेंटरवर, म्हणजे बैलगाडीनं ऊस कारखान्याला नेणाऱ्या टोळ्यांत, बैल आणि माणूस एकाच ओझ्याखाली असतात, म्हणून सोंग घ्यायचं ते त्या ओझ्याचं. दोन पायांवर उभे राहा, खांद्यावर जू घ्या आणि ओढा. चाल आपोआप बदलते, अभिनय करावा लागत नाही.

प्राणी होऊन उभं राहणं आपल्या मातीत जुनंच आहे. खंडोबाचे वाघ्ये कुत्र्यासारखे भुंकत, आणि जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे आदिवासींच्या सोंगांच्या उत्सवात, आजही मुखवटे नाचतात. रशियन कलाकार ओलेग कुलिक १९९४ मध्ये मॉस्कोच्या रस्त्यावर साखळीला बांधलेला कुत्रा झाला. या सगळ्यांकडून एक गोष्ट घ्या: अंगावर चढलेलं सोंग मध्येच उतरवायचं नाही. ओळखीचं कुणी दिसलं म्हणून हसलात, तर प्रयोग तिथेच संपला.

माहिती गोळा करायला फडात, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसात, जाऊ नका. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर, आणि मुकादमाकडून (मजुरांच्या ठेकेदाराकडून) आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर. तुमच्याशी बोलण्यात गेलेला तास त्यांच्या गाडीत कमी भरतो, दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे दंड, पडतो. माणसं गावी असतात तेव्हा, दसऱ्याच्या आत भेटा, आणि बसवून घेतलेल्या दिवसाची मजुरी द्या. मुकादमाच्या ओळखीनं मात्र जाऊ नका, त्याच्यासमोर उचलीचा खरा आकडा कुणी सांगत नाही.

संहितेसाठी फार शोधाशोध नको. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचंच नाही. हे नियम सपाट आवाजात वाचायचे. वाचणारी बाई असावी आणि तिच्या डोक्यावर मोळी असावी. टनावर राबणाऱ्या कोयत्याचे तास कोण मोजतं, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आपसूक उठतो. तुम्ही तो तोंडानं विचारलात की त्यातली धार गेली.

फडातली मोळी ३० ते ४० किलोची असते. सराव नसलेल्या मानेवर तेवढं ओझं चढवणं हा अडाणीपणा आहे. ८ किलोपासून सुरुवात करा, आठवड्याला २ किलो वाढवा, १५ च्या आत थांबा. चुंबळ घट्ट वळलेली हवी, सैल असली की मोळी एका बाजूला कलते आणि मान आखडते.

जू बांबूचं करा: लांबी दीड मीटर, वजन ३ ते ४ किलो. बाभळीचं खरं जू माणसाच्या खांद्यासाठी नाही. खाली घोंगडीची चार पदरी घडी ठेवा, आणि मानेच्या बुडाशी जो मणका हाताला लागतो तिथे चार बोटांची फट सोडा, म्हणजे भार दोन्ही खांद्यांवर वाटला जाईल. शिवळा (जुवाच्या उभ्या खुंट्या) दिसायला हव्यात, पण जोतं (त्यांना बांधायचा पट्टा) गळ्याखालून न घेता काखेतून घ्या. पाय घसरला की जू सरकतं, आणि गळ्याखालचा पट्टा थेट श्वासनळीवर बसतो. सगळ्यात जास्त अपघात इथेच होऊ शकतो, म्हणून सोडवणारा माणूस दोन पावलांवर ठेवा आणि गाठ एका ओढीत सुटणारी मारा.

ओढायला गाडी नको. गाडीचा जुना टायर आणि त्यात वाळूच्या पिशव्या, एकूण २० किलो. गुळगुळीत फरशीवर हे सहज घसरतं, मातीवर किंवा खडबडीत शहाबादीवर ओढायला बरंच जड जातं. तालीम प्रयोगाच्याच जागेवर करा.

मुखवटा कागदाचा: खळीत भिजवलेल्या पट्ट्यांचे ५-६ थर, प्रत्येक थर वाळायला एक दिवस. घाई केली तर आतला थर ओला राहतो आणि बुरशी धरतो. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण तोंडावर घ्यायच्या वस्तूत ते विष नको. नाकपुड्यांची भोकं ३ सेंटिमीटरची, आणि हनुवटी उघडी ठेवा. वजन पाऊण किलोच्या वर गेलं की मान पुढे झुकते. शिंगं कागदाच्या पोकळ नळ्यांची करा.

कासरा प्रेक्षकाच्या हाती द्यायचा असेल तर तो कमरेच्या पट्ट्याला बांधा, नाकाला किंवा मानेला कधीच नाही. १९७४ मध्ये नेपल्सला परफॉर्मन्स कलाकार मरिना अब्रामोविचनं ७२ वस्तू प्रेक्षकांपुढे मांडून स्वतःला त्यांच्या स्वाधीन केलं होतं. त्यात भरलेलं पिस्तूल तिच्या अंगावर रोखलं गेलं. हातात दोर आला की माणूस ओढतोच. खरा बैल तर आणूच नका. ज्याच्या राबण्याबद्दल बोलायचं, त्यालाच पुन्हा राबवण्यात काही अर्थ नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाचे खांदे तूप-हळदीनं चोळतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणतात. हा विधी शेवटी घ्यायचा मोह जवळजवळ सगळ्यांना होतो. तो सुरुवातीला घ्या. शेवटी घेतलात तर प्रेक्षक हलका होऊन घरी जातो. आधी माया, मग जू, असा क्रम लावला तर हळदीचे डाग ओझ्याखाली घामात ओघळताना दिसतात.

एकूण वेळ ४० मिनिटांच्या आत ठेवा आणि त्यातली शेवटची १० मिनिटं राखून ठेवा. त्या वेळात काही घडवायचं नाही. जू खांद्यावर तसंच ठेवून उभं राहायचं, शेवटचा प्रेक्षक निघाला की सोडवणाऱ्यानं गाठ ओढायची.