बायकोसाठी रायफल घेताय? आधी तिचा हात मोजा

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. आता नागपुरात रायफल घ्यायची ती नेमबाजीसाठीच. सुरुवात .177 च्या एअर रायफलनेच करा, छर्रा 4.5 मिमीचा, खांद्याला झटका नावापुरता. .22 ही त्याहून मोठ्या गोळीची रायफल, तिला पोलीस आयुक्तालयाचा परवाना लागतो, ती घाई नको.

खरी गोम दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाच्या, लांबीत आहे. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक दंडाला टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचलं पाहिजे. मी शहाण्याने माझ्या मापाची आणली. बिचारी मान ताणून नेम धरायची आणि रात्री बाम चोळत बसायची. दुकानात तिलाच न्या, पाच मिनिटं रायफल धरू द्या. हात थरथरला तर हलकी बघा बाप्पा.