वर्षाचा रिचार्ज मारलाय आणि घरात रेंज नाही? नंबर पोर्ट करण्याआधी हे करा

३६५ दिवसांचं रिचार्ज मारून बसलात आणि घरात फोन लागत नाही, असं सांगितलं की जो तो एकच म्हणतो, "पोर्ट करून टाक." हा सल्ला अर्धा आहे. मी कोथरूडला टेकडीच्या पायथ्याशी तळमजल्यावर राहतो. घरचे आणि सोसायटीतले मिळून दहाबारा नंबर मी पोर्ट करून दिलेत, त्यामुळे माणसं कुठे फसतात ते मला माहीत आहे.

आधी दोन फुकटचे उपाय. घरात ब्रॉडबँड असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करा, म्हणजे फोन टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून लागतो. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं. नसेल तर घरात असताना फोन फाइव्ह-जीवरून फोर-जीवर आणून बघा. फाइव्ह-जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत अडकतात, फोर-जीच्या ८५० किंवा ९०० च्या त्यामानाने आत येतात. बाजारात मिळणारा सिग्नल वाढवायचा बूस्टर मात्र आणू नका. विनापरवाना बसवणं बेकायदा आहे आणि त्याने शेजाऱ्यांचंही नेटवर्क बिघडतं.

आता खरी अडचण: जायचं कुठल्या कंपनीकडे? मी पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या सांगण्यावरून पोर्ट केलं. त्यांचं घर रस्त्याकडे, माझं टेकडीकडे. माझ्याकडे रेंज होती तेवढीच राहिली. आणि एकदा पोर्ट केलं की ९० दिवस पुन्हा करता येत नाही. ते तीन महिने आईचा फोन आला की मी जिन्यात पळत होतो, आणि पोचेपर्यंत तो कट झालेला असायचा. म्हणून शेजाऱ्याचा अनुभव, दुकानदाराचा शब्द आणि कंपनीचा नकाशा, यातल्या कशावरही निर्णय घेऊ नका.

ज्या कंपनीकडे जायचंय तिचं प्रीपेड सिम घ्या, सगळ्यात स्वस्त रिचार्ज मारा आणि फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला. आठवडाभर घरातच वापरा. पलंगावर, स्वयंपाकघरात, दार लावून आतल्या खोलीत. रात्री नऊनंतर टॉवरवर गर्दी असते, तेव्हा नक्की फोन करून बघा. दांड्या मोजू नका, त्या प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या दिसतात. अँड्रॉइडमध्ये 'फोनबद्दल' या भागात सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा डीबीएम या एककात मिळतो. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर-जीवर उणे ९५ च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. उणे ११५ च्या खाली गेला तर ती कंपनी तुमच्या घरापुरती बाद. शे-दोनशे रुपये जातील, जाऊ द्या. पोर्ट करताना जुन्या रिचार्जचे उरलेले महिनेही बुडतात. त्यांच्या मोहापायी वर्षभर जिन्यात उभं राहण्यात काही अर्थ नाही.

पुढचं सोपं आहे. पोस्टपेड असाल तर आलेलं बिल आधी भरा, नाहीतर पोर्टसाठी लागणारा कोडच मिळत नाही. मग इंग्रजीत 'पोर्ट', एक जागा आणि आपला दहा अंकी नंबर असा एसेमेस १९०० वर पाठवा. घरातून जात नसेल तर गच्चीवरून पाठवा. आठ अक्षर-अंकांचा कोड येतो. तो चार दिवसच चालतो, त्यामुळे नव्या कंपनीच्या दुकानात लगेच जा. जुनी कंपनी फोन करून सवलत देऊ करेल. तिने तुमच्या घराजवळ टॉवर उभारलेला नाही, तेव्हा नको म्हणा. खरंच मन बदललं तर दुकानात अर्ज दिल्यापासून २४ तासांत रद्द करता येतं.

एकाच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या एकाच विभागात, तीन कामाचे दिवस लागतात, सर्कल बदलत असेल तर पाच. मुंबईचं सर्कल वेगळं, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक. जुन्या सिमचं नेटवर्क गेलं की पोर्टसाठी दुकानातून मिळालेलं नवं सिम घाला. मधे काही तास फोन बंद राहतो, त्या दिवशी ओटीपी लागेल असं बँकेचं काम ठेवू नका.

पोस्टपेडवाल्यांना जुन्या कंपनीचं शेवटचं बिल नंतर येतं. ते भराच. थकलं तर जुन्या कंपनीच्या तक्रारीवरून नवीन कंपनीकडचा नंबरही बंद होऊ शकतो.