एसएसएचने सर्व्हरला जोडताना या चुका टाळा

क्लाउडवरचा सर्व्हर सुरू आहे, लॉगिनची किल्ली असलेली ‘की’ फाइल हाताशी आहे, तरी डेस्कटॉपवरून एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने) लॉगिन काही होत नाही. अशा वेळी घाईने फायरवॉल (कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारी चाळणी) सगळ्यांना खुली केली जाते, इशारा न वाचताच पुढे जायला होकार दिला जातो. जोडणी होते, पण सर्व्हर उघडा पडतो. म्हणून आधी एरर वाचा. घोडं कुठे अडलंय ते बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं.

टाइम आउट की रिफ्यूज्ड?

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आलं, तर पलीकडून उत्तरच आलेलं नाही. आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, चुकलाय किंवा फायरवॉल अडवतेय. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुधा मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर (मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) एसएसएच सेवा सुरू नाही किंवा पोर्ट बदललाय.

टाइम आउटमागे अनेकदा आपलाच बदललेला आयपी असतो. राउटर बंद करून सुरू केला की पत्ता बदलू शकतो आणि फायरवॉलच्या नियमात जुनाच राहतो. तिथे नवा पत्ता टाका. पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचा नेहमीचा पोर्ट, सगळ्या जगाला उघडू नका, कारण असे पोर्ट शोधून पासवर्ड मारून बघणारे बॉट्स अखंड फिरत असतात.

‘परमिशन डिनाइड’

इथे नेटवर्क ठीक आहे, फायरवॉलला हात लावू नका. आधी यूजरनेम तपासा. ॲमेझॉनच्या क्लाउडवर उबंटूसाठी ते ‘उबंटू’ असतं, ॲमेझॉन लिनक्ससाठी ‘ईसी२-यूजर’, डेबियनसाठी ‘ॲडमिन’. सगळीकडे ‘रूट’ चालत नाही.

मग की फाइलची परवानगी बघा. लिनक्स आणि मॅकवर ती ६०० किंवा ४०० हवी, म्हणजे फाइल फक्त तुम्हालाच वाचता येते. ७७७, म्हणजे सगळ्यांना खुली, केलीत तर एसएसएच ती की वापरायलाच नकार देतं, आणि ते योग्यच आहे. विंडोजवर फाइलच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरकडून आलेल्या परवानग्या) बंद करून फक्त स्वतःचं खातं ठेवा. एजंटमध्ये (किज सांभाळून लॉगिनच्या वेळी पुढे करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) खूप किज साठल्या असतील, तर योग्य कीची पाळी येण्याआधीच सर्व्हर दार लावतो. मर्यादा सहसा सहा प्रयत्नांची असते. आपल्या मशीनवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये ‘आयडेंटिटीज ओन्ली’ लावून नेमकी की सांगा.

सहकाऱ्याला प्रवेश हवा असेल तर आपली प्रायव्हेट की, म्हणजे फक्त स्वतःकडे ठेवायची गुप्त फाइल, मेलने पाठवू नका. त्याची पब्लिक की, म्हणजे जोडीतला उघडपणे देता येणारा भाग, मागून घ्या आणि ती सर्व्हरवर टाका.

होस्ट की बदलल्याचा इशारा

होस्ट की म्हणजे सर्व्हरची स्वतःची ओळख. सगळ्यात धोकादायक घाई इथे होते. सर्व्हर नव्याने बसवला किंवा तोच आयपी दुसऱ्या मशीनला मिळाला, तर हा इशारा येणं साहजिक आहे. पण मध्ये कुणी बसून सर्व्हरचं सोंग घेत असेल, तरीही अगदी हाच इशारा येतो. दोन्हींतला फरक एसएसएचला कळत नाही, तो तुम्हालाच तपासावा लागतो. क्लाउड कंपनीच्या वेब कन्सोलमधून सर्व्हर उघडा, तिथे होस्ट कीचा फिंगरप्रिंट (तिची छोटी खूण) काढा आणि इशाऱ्यातल्या ओळीशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. जुळला, तरच जुनी नोंद काढा, तीही फक्त त्या सर्व्हरची. ‘नोन होस्ट्स’ ही ओळखीच्या सर्व्हरच्या नोंदींची फाइल पूर्ण पुसलीत, तर बाकी सगळ्या सर्व्हरची ओळखही गेली.

पासवर्ड लॉगिन बंद करताना

हे कराच, पण चालू सेशन बंद न करता. सेटिंग बदलल्यावर ‘एसएसएचडी’ला, म्हणजे सर्व्हरवरच्या एसएसएच प्रोग्रॅमला, मायनस छोटा टी देऊन फाइलमधली चूक तपासा. मायनस मोठा टी दिलात तर प्रत्यक्षात लागू होणारी सेटिंग्ज दिसतात. ते बघणं गरजेचं आहे, कारण उबंटूत वेगळ्या फोल्डरमधली छोटी फाइल आधी वाचली जाते आणि तिच्यात पासवर्ड चालू असेल, तर मुख्य फाइलमधलं ‘नो’ वाया जातं. सेवा रीस्टार्ट करा, दुसऱ्या टर्मिनलमधून कीने लॉगिन करून बघा. ते झालं की मगच पहिलं सेशन सोडा.